पैसे पाठवू की स्वतः येऊ?

"काका, गावासाठी काहीतरी करायचंय. पैसे पाठवू की स्वतः येऊ?" गणपतीला आणि मे महिन्यात मुंबई-पुण्याहून आलेली मंडळी मला हे हमखास विचारतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी दापोली तालुक्यात, समुद्राकाठच्या आमच्या घरी राहतो. लोकांचे वारसाचे, भरपाईचे, जमिनीचे कागद करून देतो आणि त्याचे पैसे घेत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आजवर अंगणात उभ्याउभ्याच उत्तर देत आलो. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट लिहितो.

पैसे जरूर पाठवा. शाळेचं गळकं छप्पर पैशानेच होतं, आजारी माणसाला रत्नागिरीला किंवा मुंबईला न्यायची गाडीही पैशानेच येते. पण तुम्ही ज्या कामावर पोट भरता ते काम इथे आणलंत, तर त्याची किंमत तुमच्या देणगीपेक्षा कितीतरी जास्त होते. हे माझं मत निसर्ग चक्रीवादळानंतर पक्कं झालं.

3 जून 2020 ला ते वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. तडाखा आमच्या दापोली-मंडणगडलाही तेवढाच बसला. पोफळी मधोमध मोडल्या, नारळ मुळासकट आडवे झाले, आजोबांनी लावलेले आंबे विहिरींवर पडले. मदत भरपूर आली. तांदूळ, मेणबत्त्या, ताडपत्र्या, पत्रे आले, आणि सगळं कामी आलं. सरकारने फळबागांना हेक्टरी 50,000 रुपये जाहीर केले. आता आमच्याकडे बाग हेक्टरात कोण मोजतो? वाडी असते पाच गुंठ्यांची, सात गुंठ्यांची. गुंठ्याला 500 रुपये धरले तर पाच गुंठेवाल्याच्या हातात अडीच हजार. पुढे झाडामागे दर ठरला, नारळाला 250 आणि सुपारीला 50. नवा बाणवली नारळ धरायला सहा-सात वर्षं तरी जातात.

आणि तेवढीही रक्कम अनेकांना मिळेना, कारण सातबारा. कोकणातला सातबारा ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. बाग राखणारा एक, शिंपणारा तोच, पण कागदावर पणजोबांपासूनची अख्खी वंशावळ. निम्मे वारले, त्यांच्या वारसांच्या नोंदी नाहीत. बाकीचे विरारला, डोंबिवलीला, सुरतेला. पैसे एकाच्या खात्यात जमा करायचे तर बाकी हिस्सेदारांचं संमतीपत्र हवं. ज्याची बाग झोपली त्या माणसाने हे कागद कुठून आणायचे?

त्या दिवसांत मला कळलं की कर्जाची प्रकरणं तपासताना मी आयुष्यभर जे केलं, तेच इथे हवं होतं. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडे अर्ज, फेरफाराची नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. यात गूढ काही नाही. पण एका नावाची वेलांटी आधार कार्डाशी जुळली नाही तर माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर येतो, आणि एसटीने दापोलीला एक खेप म्हणजे त्याचा एक दिवस बुडतो. म्हणून फुकटचं काम दामाच्या कामापेक्षाही चोख हवं. पैसे देणारा निदान भांडू शकतो. ज्याला फुकट दिलंय तो संकोचाने गप्प बसतो, आणि त्याचा संकोच सांभाळणं हे देणाऱ्याचंच काम आहे.

मला सर्वांत जास्त मदत झाली ती माझ्या पुतणीची. ती एका कंपनीत ग्राहकांचे फोन घेते. "माझ्या अंगात काय कला आहे काका?" म्हणायची. मी तिला हिस्सेदारांची यादी दिली. वर्षानुवर्षं गावाशी बोलणं तुटलेल्या माणसांना तिने फोन केले, रागाने फोन आपटणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा केले. संमतीपत्राने हिस्सा जात नाही, फक्त भरपाई एका खात्यात जमा होते, हे एकेकाला शांतपणे समजावलं. मला हे जमलं नसतं. दोन चुलत घरांचं बोलणं त्या निमित्ताने सुरू झालं.

चिपळूणलाही मी हेच पाहिलं. 22 जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली. पाणी ओसरल्यावर जुन्या कपड्यांची गाठोडी रस्त्याकडेला चिखलात पडून होती आणि शेजारीच दोन तरुण वायरमन एकेका घराचं मीटर, बोर्ड, पंपाची मोटर उघडून सुकवत होते. त्यांच्यासमोर रांग होती. कपडे देणाऱ्यांचं मन खोटं नव्हतं. पण काय हवंय ते त्यांनी विचारलं नव्हतं.

आमच्या शेजारच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे. त्यांच्या हातात विद्या होती ती गणिताची. फर्ग्युसनमध्ये शिकवून ते रोज हिंगण्याला पायी जात, तिथे विधवांच्या आश्रमात पुन्हा शिकवत. गावासाठी त्यांनी मुरूड फंडही काढला होता. निधी आणि विद्या दोन्ही, पण विद्येसाठी ते स्वतः चालत गेले, हे मला फार मोठं वाटतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. कौशल्याने नुकसानही करता येतं. कधी एखादा भाऊ येतो आणि म्हणतो, बहिणींचं हक्कसोडपत्र तयार करून द्या, त्या सही करतील. 2005 पासून मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. बहीण स्वतः समोर बसून, कागद ऐकून, काय सोडतेय ते समजून बोलल्याशिवाय मी त्या कागदाला हात लावत नाही. यावरून काही घरांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. टाकू देत. एकाला मदत करताना दुसरीचं जाणार असेल, तर ती मदत मला करायची नाही.

तेव्हा यायचंच असेल तर मे महिन्यात या. हिस्सेदार त्याच सुमारास गावात असतात, एरवी वर्षभर न मिळणाऱ्या सह्या एका दुपारी मिळतात. आत्ता मला गरज आहे ती मोडी वाचणाऱ्या कुणाची, कारण दोन घरांतले जुने कागद तेवढ्यावाचून अडलेत. शाळेला संध्याकाळी मुलांचं इंग्रजी घेणारं कुणी हवंय. होड्यांची इंजिनं उघडता येणाऱ्याला तर हर्णे बंदरात कुणीही बसवून घेईल. तुम्हाला काय येतं ते मला आधी फोनवर सांगा, म्हणजे तुम्ही येईपर्यंत मी माणसं आणि कागद जमवून ठेवतो.