आमची वाटचाल आणि परत आलेली 400 पेनं

लोक विचारतात सुरुवात कशी केली. सावंतवाडीत आजोबांची लेथ पडून होती, बस. आजोबा लाखकाम करायचे, फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवायची, घासून गरम झाली की लाख वितळून लाकडावर बसायची आणि मग वरून केवड्याची पात दाबली की चकाकी. मी त्याच लेथवर पेनं काढायला लागलो. पहिली पाच-सहा वर्षं पेनं केली, विकली, दोन पोरं कामाला ठेवली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं आहे ते 2019 चं. पुण्याच्या एका कंपनीची दिवाळी गिफ्टची ऑर्डर आली, 400 बॉलपेनं, फणसाच्या लाकडाची. तेव्हा माझा एक पार्टनर होता, नाव घेत नाही, वाडीत सगळ्यांना माहितीये. मी म्हटलं जुलैत काम नको, कोकणातला पाऊस आहे, लाकूड पाणी पितं. तो म्हणाला फिनिश जाड मारू, आतलं कोण बघतंय. मी ऐकलं. हे माझंच चुकलं, ते मी मान्य करतो, पण पुढे जे झालं ते माझ्या एकट्याच्या माथी मारलं गेलं ते अजून डोक्यातून जात नाही.

400 पेनं झाली, काचेसारखी. सीएचे, म्हणजे सुपरग्लूसारख्या सायनोॲक्रिलेट गोंदाचे, दहा-दहा कोट, वरून मायक्रोमेश हा बारीक पॉलिश पेपर 1500 नंबरपासून 12000 पर्यंत पाणी लावून. पॅक करताना मीच खूश. दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी खोकं परत. रिंगच्या कडेला फिनिशखाली पांढरं उठलेलं, बऱ्याच पेनांना उभी केसाएवढी चीर. पेमेंट अडकलं, बँकेचा हप्ता चुकला, दोन पोरांपैकी एकाला घरी बसवावं लागलं. आणि पार्टनर महिन्याभरात वेगळा झाला, तीच कंपनी धरली, तिथे सांगितलं की ह्यांची सीएची पद्धतच खोटी, मी स्प्रे लॅकर मारतो. त्याचं लॅकर हाताच्या घामाने कसं जातं ते आम्ही लेथवाले जाणतो, पण ते कोण बोलणार! त्याच्याकडे ब्रोशर आहे.

मला उत्तर मिळालं ते एका गुरुजींकडून. रिटायर हेडमास्तर, माझं अगदी सुरुवातीचं शिसवी पेन रोज वापरणारे, अजून वह्या तपासल्यासारखं पेपरात लाल रेघा मारतात. चष्म्याच्या डबीतून पेन काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मदी गुळगुळीत आसा मरे, तोंडाक सोललो." अंगठा बसतो तिथे रोजचा घाम लागूनही काही झालं नव्हतं, आणि टोकाला जिथे धातूची रिंग दाबून बसवतो तिथे नखाएवढा पापुद्रा. मी परत आलेलं खोकं उघडून पुन्हा एकेक पेन बघत बसलो. सगळी टोकाकडूनच गेलेली.

म्हणजे झालं काय होतं, तर बुशिंग (लाकडाच्या टोकाला लावायची मापाची धातूची कडी) आणि लाकूड सीएने एकमेकांना चिकटायचं, आम्ही मँड्रेलवरून (लेथवर लाकूड धरणारा दांडा) काढताना कटकन मोडायचो आणि तिथेच कड उचलली जायची, डोळ्याला दिसत नाही. शिवाय मायक्रोमेशचं पाणी उघड्या टोकातून आत गेलेलं. आणि चिरा? लाकूड ओलं होतं. पावसात आमच्याकडे मोकळं ठेवलेलं लाकूड सहज 18 टक्क्यांवर जातं, ते पुण्याच्या एसी ऑफिसात गेलं की आक्रसतं, आतली पितळी ट्यूब काही आक्रसत नाही, मग फाटणार कोण? लाकूडच.

आता शेवटचं फिनिश प्लास्टिकच्या शंकूवर करतो, त्याला सीए धरत नाही. काढायच्या आधी कडेवरून धारदार पातं फिरवायचं. पाणी लावण्याआधी दोन्ही टोकांना पातळ सीएचा थेंब, मग टोक सपाट घासायचं. शिसम, सागासारखं तेलकट लाकूड असेल तर पहिल्या कोटाआधी ॲसिटोनने पुसायचं. पॉलिश पेपरचा प्रत्येक नंबर झाला की लेथ बंद करून उभा हात मारायचा, नाहीतर गोल रेघा कोटाखाली कायमच्या राहतात. घाई म्हणून ॲक्सिलरेटर, म्हणजे सीए झटकन सुकवणारा फवारा, फसाफसा मारू नका, बुडबुडे येतात. आणि सुती कापडाने सीए लावू नका बाबांनो, सुती कापड आणि सीए एकत्र आले की चटका बसतो, धूर निघतो, टिश्यू पेपर घ्या. अजून एक, ऑर्डर कितीही मोठी असो निम्मे पैसे आधी घ्या. हे कोणी विचारलं नव्हतं, तरी सांगतो.

लाखदाणा पॉलिश वाईट नाही हं. हाताला जे ऊबदार लागतं ते सीएला कधी लागणार नाही, प्लास्टिक ते प्लास्टिकच. पण रोज वापरायच्या पेनावर काही महिन्यांत अंगठ्याजवळ मॅट होतं, म्हणून तसं पेन देताना मी स्पष्ट सांगतो, वर्षाने आणा, फुकट करून देईन. निम्मे लोक आणतात, येताना आंबे पण आणतात.

गुरुजींचं पेन मी तेव्हाच नवीन करून देतो म्हटलं तर नको म्हणाले, फक्त तोंड दुरुस्त कर. केलं. अजून तेच वापरतात.

ब्लँक, म्हणजे पेनासाठी कापलेले लाकडाचे तुकडे, आता 60 वॅटच्या बल्बच्या कपाटात सुकतात, दहा-दहाच्या जुड्या करून. दर सोमवारी हिच्या किचनमधल्या काट्यावर वजन, ती ओरडते, तरी. गेल्या सोमवारी फणसाची जुडी 291 ग्रॅम होती, आज 289. वजन उतरतंय म्हणजे अजून ओली आहेत. दिवाळीची ऑर्डर आलीये, त्यांचा माणूस दिवसाआड फोन करतोय, मी सांगितलंय की ड्रिल अजून लावलेलं नाही.