पालथा मोर

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी दीड-दोन पानं लिहून द्या, असा फोन आला तेव्हा मी दुकानात इस्त्रीच करत होते. एका नवरीच्या रुखवतातलं तोरण टेबलावर पालथं पडलं होतं, मणी टॉवेलात रुतलेले. फोन करणारा आपल्याच शाळेचा, माझ्याहून बराच लहान. म्हणाला, "ताई, शाळेनं तुम्हाला काय दिलं ते लिहा." म्हटलं, समोर जे आहे तेच लिहिते.

1986 साली मी आठवीत होते. शनिवारची सकाळची शाळा, शेवटचे दोन तास कार्यानुभवाचे. मुलं आवारातल्या कडुनिंबांना आळी करायला जायची आणि आम्ही मुली शिवणाच्या बाईंकडे. बाई दर्यापूरहून एसटीनं यायच्या. सगळी शाळा त्यांना शिवणाच्या बाईच म्हणायची. त्यांचं खरं नाव मला दहावीच्या निरोप समारंभात कळलं, तेही सत्काराच्या यादीवरून.

त्या वर्षी स्नेहसंमेलनातल्या हस्तकला प्रदर्शनासाठी बाईंनी मला फुलीच्या टाक्यात भरायला मोर दिला. मॅटीचं पांढरं कापड, एका इंचात अकरा घरं, भोवती लाल किनार, आणि पिसाऱ्यातल्या प्रत्येक डोळ्याभोवती निळे मणी. अकरा घरांच्या मॅटीत एक घर सव्वादोन मिलिमीटरच्या जरा वर जातं. दोन मिलिमीटरचा मणी त्यात नेमका बसतो, शेजारच्याला ढकलत नाही. तो अर्ध्या फुलीत ओवायचा, आणि फुलीचा दुसरा टाका घेताना दोऱ्याचे दोन पदर फाकवून एक मण्याच्या या बाजूनं, एक त्या बाजूनं न्यायचा. मग मणी ताठ बसतो, मान टाकत नाही. दुकानात कामाला येणाऱ्या पोरींना हे मी अजून हातात हात धरून शिकवते. सांगून ते येत नाही.

काचेचे मणी दर्यापूरच्या बाजारातून कटलरीवाल्याकडून आणले होते. दोन डोळे राहिले आणि मणी संपले. पुन्हा दर्यापूरला जायचं म्हणजे बाबांकडे पैसे मागायचे, आणि घरी कापूस वेचणीची घाई. धाकटीची एक माळ तुटून डब्यात पडली होती. रंग तोच, आकार जवळपास तोच. ओवले.

मोर झाला, पण कापड ताणून धरणाऱ्या रिंगचा गोल वळ त्यावर उठला होता. बाई रोज सांगायच्या की काम थांबलं की रिंग काढून ठेवायची. मी ती आठवडाभर तशीच ठेवली होती. संध्याकाळी शेजारून कोळशाची इस्त्री मागून आणली, चुलीतला पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, विस्तव भरला आणि मोर सुलटा ठेवून वरून इस्त्री फिरवली. वळ जाईना म्हणून जरा दाबली. प्लास्टिक जळाल्याचा वास आधी आजीला आला. इस्त्री उचलली तर निळे ओघळ तिच्या तळाला चिकटून आलेले, आणि मोराच्या दोन डोळ्यांच्या जागी चपटी, चकचकीत खपली. वरून पऱ्हाटीची राख भोकांतून सांडून पांढऱ्या मॅटीवर पसरली होती.

शनिवारी मी पिशवीतून मोर बाहेरच काढेना. बाईंनी स्वतः काढला, खिडकीशी नेला, खपलीवरून नख फिरवलं.

"हे मणी कोठचे वं?"

"घरचे, बाई."

त्यांनी खपली सोडून शेजारचा एक चांगला मणी सुईच्या टोकानं हलवून पाहिला. मग डब्यातला उरलेला एक मागितला आणि माझ्या हातावर ठेवला. "दाताले लावून पाय बरं." मी लावला. मऊ, कोमट, आवाज नाही. मग काचेचा लावायला सांगितला. गार, आणि दातावर टक् वाजला. "आता कळलं? विकत घेतानाच वाजवून पाहत जाजो. अन् काच असली तरी इस्तरी मण्यावर ठेवू नोको. आतला रंग उतरते त्यायचा."

रागावल्या नाहीत असं लिहिलं तर खोटं होईल. राखेवरून पुष्कळ रागावल्या. पऱ्हाटीचा विस्तव इस्त्रीत भरतात का, तो दोन मिनिटांत राख होतो, बाभळीचे कोळसे घ्यायचे, ते टिकतात, एवढं कास्तकाराच्या पोरीला कळू नये का, वगैरे. मण्यांबद्दल मात्र पुढे एक शब्द नाही.

प्रदर्शनाला चार दिवस होते. खपली कात्रीच्या टोकानं एकेक करून काढली. खालचा दोरा बराचसा वाचला होता. जिथे तुटला तिथे नव्यानं फुल्या भरल्या. बाईंच्या डब्यात त्या निळ्याचे काचेचे मणी मोजून निघाले, तरी चार कमी पडले. ती चार घरं नुसत्या दोऱ्याची राहिली.

मग धुणं. आपलं गाव खारपाणपट्ट्यातलं, खाऱ्या पाण्याचं, हे बाहेर शिकायला गेलेल्यांना विसरायला झालं असेल, मला नाही. विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि कापड वाळलं की रंगीत दोऱ्यावर पांढुरकी झाक उरते. बाईंनी शाळेच्या टिनावरून पडलेलं पावसाचं पाणी रांजणात धरून, तोंडाला फडकं बांधून ठेवलं होतं. आम्हाला वाटायचं ते पिण्याचं. ते भरतकाम धुवायचं होतं. त्यात रिठा भिजवून मोर बुडवला. चोळायचा नाही, पिळायचा नाही, नुसता वरखाली हलवायचा. पाणी गुलाबी झालं. लाल किनारीचा रंग सुटत होता. मला रडू फुटलं, बाई मात्र पाणी बदलत राहिल्या. रंग सुटणारं कापड तसंच वाळू द्यायचं नाही, आणि डाग असताना इस्त्री तर मुळीच करायची नाही, उष्णतेनं तो पक्का बसतो. पाचव्या पाण्याला गुलाबी गेलं. रांजण तळाला लागला होता.

ओला मोर टॉवेलात गुंडाळून दाबला आणि सावलीत आडवा पसरला. दोरीवर टांगला असता तर मण्यांच्या वजनानं तिरका ओढला गेला असता. थोडी ओल असतानाच इस्त्री. बाईंनी घरून टर्किश टॉवेल आणला होता, जाड, नवा, घडीसुद्धा न मोडलेला. तो त्यांच्या रुखवतातला होता, असं मागाहून एका मैत्रिणीनं सांगितलं. खरं-खोटं मी कधी विचारलं नाही. टेबलावर सतरंजीच्या चार घड्या, त्यावर टॉवेल दुहेरी, त्यावर मोर पालथा. मणी टॉवेलाच्या लवीत बुडतात, त्यांच्यावर दाब येत नाही आणि फुल्याही चपट्या होत नाहीत, शिवाय सुलट्या बाजूनं उठून दिसतात. वर मांजरपाटाचं ओलसर फडकं.

"उचलजो अन् ठेवजो. सरकवू नोको. सरकवली का घरं वाकडी झाली समज."

मधून सुरू करून कडांकडे जायचं. इस्त्री आधी बाजूच्या चिंधीवर टेकवून राख झटकायची. मी हात थरथरत दहा-बारा वेळा उचलली-ठेवली. बाई शेजारी उभ्या राहून शिपाईकाकांशी एसटीच्या वेळेबद्दल बोलत होत्या, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. मोर सुलटा केला तेव्हा रिंगचा वळ गेला होता.

खळ लावू का, मी विचारलं. आईनं साबुदाण्याची करून दिली होती. बाई नको म्हणाल्या, खळीला कसर लागते. ताठपणा ओढून आणायचा. पुठ्ठ्याला आधी पांढरं मांजरपाट चढवलं, कारण पुठ्ठ्याचा पिवळेपणा वर्षा-दोन वर्षांत कापडात उतरतो. मग मोर त्यावर ठेवून कडेला टाचण्या, मागून दुहेरी दोऱ्यानं या कडेपासून त्या कडेपर्यंत खाटेच्या नवारीसारखं विणत ओढलं. मध्यापासून सुरुवात, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि दर वेळी मॅटीची भोकं पुठ्ठ्याच्या कडेशी मोजून.

चौकट गावातल्या सुताराकाकांनी केली. बाईंनी त्यांना काच आणि कापड यांच्यात चारही बाजूंनी पाव इंचाच्या सागाच्या पट्ट्या बसवायला लावल्या. काच मण्यांना टेकली की मणी कापडात दाबले जातात, आणि पावसाळ्यात काचेला आतून येणारा दमटपणा थेट दोऱ्याला लागून बुरशी धरते. सुताराकाका म्हणाले होते, "बाई, फोटोले एवढं कोणी करत नाही." बाई म्हणाल्या, "हा फोटो नोहे."

प्रदर्शनात मोराला दुसरा नंबर आला. पहिला कुणाला ते आठवत नाही, म्हणजे आठवतं, पण राहू द्या.

मोर मुख्याध्यापकांच्या खोलीत लागला. मध्यंतरी बरीच वर्षं मी शाळेत आले नव्हते. गेल्या पावसाळ्यात भाचीचा दाखला न्यायला आले तेव्हा पाहिलं. चौकट नवी होती, सोनेरी, बाजारातली. कुणीतरी हौसेनं बदललेली दिसते. किनारीचा लाल अजून लाल आहे. डावीकडच्या तिसऱ्या डोळ्यात ती चार घरं तशीच बिनमण्यांची आहेत, माहीत असलं तरच दिसतात. पण पट्ट्या नाहीत. काच थेट मण्यांवर बसली आहे आणि खालच्या कोपऱ्यात पायांशी करडी ठिपकी दिसू लागली आहे.

महोत्सवाला मी आदल्या दिवशीच येणार आहे. सागाच्या पट्ट्या कापून ठेवल्या आहेत, टॉवेलही आणते. तेवढी मुख्याध्यापकांच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते ते समितीनं मला कळवावं, आणि शाळेत फिल्टरचं पाणी येत असलं तर एक बादली भरून ठेवावी.