बोरूचा लेक्सर दऱ्यांमध्ये अडकला

बोरू या आपल्या मराठी प्रोग्रॅमिंग भाषेच्या पार्सरचं, म्हणजे वाक्यरचना तपासणाऱ्या भागाचं, काम थांबवलंय. लेक्सर, म्हणजे मजकुराचे शब्दांसारखे तुकडे (टोकन) पाडणारा भाग, पुन्हा उघडून बसलोय आणि याला कारणीभूत आहेत सह्याद्रीतल्या दऱ्या.

झालं असं. बोरू वापरून बघणाऱ्या आपल्यातल्याच एका मित्राने ट्रेकच्या खर्चाचा छोटा प्रोग्रॅम फोनवर लिहून पाठवला. त्यात ‘दऱ्या’ नावाचं चल (व्हेरिएबल) होतं. फाइल माझ्या मशीनवर घेतली, शेवटी एक ओळ मी माझ्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डवरून टाकली आणि चालवली. बोरूने त्याच्या ओळींमधल्या ‘दऱ्या’चे तीन तुकडे केले: ‘दर्’ हे एक नाव, मग ‘अनोळखी बाइट’, मग ‘या’ हे दुसरं नाव. माझ्या ओळीतली ‘दऱ्या’ मात्र अखंड. स्क्रीनवर दोन्ही शब्द शेजारी ठेवले तर भिंग घेऊनही फरक दिसणार नाही.

हेक्सडंप, म्हणजे फाइलमधले कच्चे बाइट, काढल्यावर उलगडा झाला. माझा कीबोर्ड शिफ्ट-जे दाबलं की सरळ ऱ देतो: द, ऱ, हलन्त, य, काना. पाच कोडपॉइंट (युनिकोडमधले अक्षर-क्रमांक), पंधरा बाइट. फोनवरचा कीबोर्ड देतो द, र, हलन्त, झीरो विड्थ जॉइनर, य, काना. सहा कोडपॉइंट, अठरा बाइट. हा जॉइनर (यू-२००डी) दिसत नाही, जागा घेत नाही, फक्त आधीच्या अक्षराने कसा आकार घ्यायचा ते सांगतो. त्याच्याशिवाय र-हलन्त-य लिहिलं की रफार होतो, म्हणजे ‘दर्या’. जॉइनर घातला की रफाराऐवजी आपला मराठी आडवा र येतो. युनिकोडला दोन्ही पद्धती मान्य आहेत. ऱ-हलन्त ही शिफारशीची, आणि जॉइनरवाली २.० आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवलेली. त्यामुळे कुठल्याच कीबोर्डवाल्याला दोष देता येत नाही, हे जास्त चीड आणणारं.

लेक्सर त्याच्या नियमाप्रमाणे बरोबरच वागत होता. नाव ओळखणारा आपला डीएफए (एकेक बाइट वाचत एका अवस्थेतून दुसरीत जाणारं यंत्र) देवनागरीचे बाइट आले की त्याच अवस्थेत फिरत राहतो. देवनागरीचा मुख्य ब्लॉक यूटीएफ-८मध्ये (युनिकोड बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत) नेहमी ई०-ए४ किंवा ई०-ए५ने सुरू होतो, त्यामुळे तिथे फांद्या फार नाहीत. जॉइनर मात्र ई२ने सुरू होतो. ई२साठी त्या अवस्थेतून वाटच नव्हती. मग सगळ्यात लांब जुळणीचा नियम: जिथवर जुळलं तिथवरचं टोकन द्या, पुढे नव्याने सुरुवात करा. याच नियमामुळे ‘परतफेड’ नावाचं चल ‘परत’ हा कीवर्ड (भाषेचा राखीव शब्द) आणि ‘फेड’ असं फुटत नाही. तो नियम हलवायचा प्रश्नच नव्हता.

पहिला उपाय डोक्यात आला तो सगळ्यांच्या येईल तोच: जॉइनरलाही नावात चालणारं अक्षर ठरवा. केलं. टोकन अखंड मिळालं, पण सिम्बॉल टेबलमध्ये (चलांच्या यादीत) दोन वेगवेगळ्या ‘दऱ्या’ जाऊन बसल्या. संदेश आला: ‘दऱ्या’ला अजून किंमत दिलेली नाही. वरच्याच ओळीत दिलेली असताना! तुकडे पडत होते ते परवडलं, निदान काहीतरी बिघडलंय हे कळत तरी होतं. जावास्क्रिप्ट नेमकं हेच करते, नावात जॉइनर घेते आणि दोन लेखनांना दोन चलं मानते. पायथन आणि रस्ट जॉइनर नाकारतात. गोची तर तऱ्हाच निराळी: नावात अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर एवढंच, काना-मात्रा-अनुस्वार नाहीत, म्हणजे ‘किंमत’ हे नाव गोमध्ये देताच येत नाही. यातलं एकही मला आपल्या भाषेसाठी पटत नाही. जी भाषा ‘दऱ्या’ लिहू देत नाही ती मराठीत कशाला करायची?

दुसरा उपाय: जॉइनर गाळून टाका. यूटीएफ८प्रॉक या युनिकोडच्या छोट्या लायब्ररीमध्ये त्यासाठी एक तयार फ्लॅग आहे, दुर्लक्ष करण्याजोगी अदृश्य अक्षरं तो काढून टाकतो. एका ओळीचं काम. पण जॉइनर गेला की फोनवरची ‘दऱ्या’ होते ‘दर्या’, म्हणजे समुद्र. हे नुसतं शब्दच्छल नाही हे बघायला एक चाचणी लिहिली. आचाऱ्यांना = ४००००, आचार्यांना = ५१००, आणि दोन्हींची बेरीज. फोनच्या कीबोर्डवरून. उत्तर यायला हवं ४५१००, आलं १०२००. स्वयंपाक करणारे आणि दक्षिणा घेणारे एकाच चलात गेले. बोरूत पहिल्यांदा किंमत देणं हीच घोषणा असल्यामुळे तक्रार कोणी करायची? निमूटपणे चुकीचं उत्तर देणारा कंपायलर मला त्रुटीने भरलेल्या कंपायलरपेक्षा वाईट वाटतो.

तिसरा: युनिकोडचं प्रमाणीकरण, एनएफसी. त्याच्यावर माझी भिस्त होती. एनएफसी र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) वेगवेगळे आले तर त्यांचा एक ऱ करून देतं, तेवढं उत्तम. पण जॉइनरला हातही लावत नाही. तिथेही हात टेकले.

शेवटी चाललं ते असं. टोकनचा मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवायचा, संदेशात तोच दाखवायचा. सिम्बॉल टेबलची किल्ली मात्र वेगळी बनवायची: आधी एनएफसी, मग र-हलन्त-जॉइनर दिसलं की त्याचं ऱ-हलन्त, आणि त्यानंतर इतर कुठल्याही हलन्तामागे आलेला जॉइनर किंवा नॉन-जॉइनर (अक्षरं जोडू न देणारं तसंच अदृश्य अक्षर) गाळायचा. ‘क्ष’ जोडून लिहा की हलन्त दाखवून फोडून लिहा, नाव तेच. हलन्तामागे नसलेला जॉइनर दिसला तर सरळ त्रुटी. अदृश्य अक्षरांना मोकळं रान दिलं की काय होतं ते २०२१च्या ट्रोजन सोर्स प्रकरणाने दाखवलंय, तिथे दिशा बदलणारी अदृश्य अक्षरं वापरून वाचणाऱ्याला एक कोड आणि कंपायलरला दुसरा दाखवता येत होता.

आचारी आणि आचार्य वेगळे झाले, ४५१०० आले. दोन्ही कीबोर्डच्या ‘दऱ्या’ एकत्र आल्या. तो आकडा मी उगाचच पुन्हापुन्हा चालवून बघितला.

आता यातला मला सगळ्यात आवडलेला भाग. प्रत्येक नावासाठी एनएफसी करत बसणं जिवावर आलं होतं. शंभरातल्या बहुतेक नावांना त्याची गरजच नाही. मग लक्षात आलं की गरज आहे की नाही हे डीएफएला आधीच माहीत असतं! नावासाठी एकाऐवजी दोन स्वीकार-अवस्था केल्या: ‘सोवळी’ आणि ‘ओवळी’. नुक्ता, जॉइनर, नॉन-जॉइनर, क़ ते य़ ही आठ अक्षरं किंवा वैदिक स्वरचिन्हं दिसली की सोवळीतून ओवळीत जायचं, परतीची वाट नाही. टोकन सोवळ्यात संपलं तर बाइट तसेच हॅश करून टेबलात शोधायचे, ओवळ्यात संपलं तरच किल्ली बनवायची. वेगळा फ्लॅग नाही, जादा तपासणी नाही, जे कळायचं ते अवस्थेच्या क्रमांकातूनच कळतं.

हत्यारांबद्दल, कारण विचारणार आहातच. फ्लेक्स, म्हणजे नियम दिले की लेक्सर बनवून देणारं हत्यार, मी सोडला. तो बाइटवर चालतो, युनिकोडचे वर्ग त्याला कळत नाहीत, त्यामुळे देवनागरीचे पट्टे हाताने बाइटमध्ये लिहावे लागतात. त्याचा पूर्वज लेक्स १९७५च्या सुमाराचं, बेल लॅब्समधलं, फ्लेक्स १९८७चा. त्यांच्याकडून याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. आरई२सी हा त्याच जातीचा, तो यूटीएफ-८ व्यवस्थित हाताळतो आणि त्याने बनवलेला सी कोड वाचताही येतो. तरीही मी हाताने लिहिलेल्या लेक्सरवरच आहे. जीसीसी आणि क्लँग हे सीचे कंपायलरसुद्धा हातानेच लिहिलेले लेक्सर वापरतात, आणि वरचा सोवळ्या-ओवळ्याचा खेळ हाताने केल्याशिवाय सुचला नसता. आयसीयू ही युनिकोडची मोठी लायब्ररी सुचवणाऱ्यांना नमस्कार. एवढ्या कामासाठी एवढं धूड मी बोरूला बांधणार नाही. यूटीएफ८प्रॉक पुरे.

आता राहिलेली दुखणी. त्रुटीच्या ओळीखाली जो बाण दाखवतो तो ‘दऱ्या’नंतर सरकतो. स्तंभ बाइटमध्ये मोजले तर १५ नाहीतर १८, कोडपॉइंटमध्ये ५ नाहीतर ६, आणि माणसाच्या डोळ्याला दोन: द, ऱ्या. डोळ्याचा हिशोब करायला युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत (२०२३) जोडाक्षरं न तोडण्याचा नियम आलाय. पण टर्मिनल तो पाळेलच असं नाही. बाण काढूनच टाकतो, नाव अवतरणात छापतो. झालं.

विसर्गाचं प्रकरण आणखी मजेदार. निम्मी जनता ‘दुःख’ लिहिताना विसर्गाऐवजी कोलन टाकते. बोरूत कोलनपुढे चलाचा प्रकार येतो, त्यामुळे ‘दु:ख’ म्हणजे ‘दु’ नावाचं, ‘ख’ प्रकारचं चल. संदेश येतो, ‘ख नावाचा प्रकार माहीत नाही’. यावर ठरवलं होतं की कोलननंतर मोकळी जागा सक्तीची करायची. पण हे टाइप करताना जाणवतंय की मग ‘वय:अंक’ असं घाईत लिहिणाऱ्याला विनाकारण ओरडा बसेल. त्यापेक्षा कोलनच्या दोन्ही बाजूंना अक्षर चिकटलेलं असेल आणि पुढचा शब्द माहितीतला प्रकार नसेल, तर ‘इथे विसर्ग हवा होता का?’ असं विचारायचं. म्हणजे हे लेक्सरचं काम नाहीच. लेक्सरने फक्त ‘आधी जागा नव्हती’ एवढी खूण टोकनवर ठेवायची, बाकी पार्सरने बघावं. बरं झालं लिहायला बसलो.

आणि ॲ. स्वतंत्र ॲ २००८मध्ये युनिकोड ५.१मध्ये आला, त्याआधीची सवय म्हणून अजून कित्येक जण अ-वर-चंद्र लिहितात. दिसायला एकच, एनएफसी दोघांना एक करत नाही. अ-काना आणि आ यांचंही तसंच. ही पूर्ण यादी किल्ली बनवण्याच्या पायरीत घालतोय, म्हणजे अ-नंतर मात्रा आली की तेही ओवळं. पार्सर त्यानंतरच. अडीच, दीड, पाऊण हे अंक म्हणून चालावेत ही मागणी मला फार आवडली आहे, पण ती रांगेत मागे.

एक मदत हवी. तुमच्या रोजच्या कीबोर्डवरून, कॉपी-पेस्ट न करता, हे शब्द एका फाइलमध्ये टाइप करून पाठवा: दऱ्या, दर्या, आचाऱ्याला, आचार्याला, वाऱ्यावर, दुःख, ॲप, ऑफिस, क्षमा. फाइलच्या नावात कीबोर्डचं नाव लिहा. शब्द चुकीचे उमटले तर दुरुस्त करू नका, तेच मला हवेत.