मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी परदेशातून येणाऱ्या कुटुंबाला कोणती सोबत लागते

मुंबईतील एका खासगी रुग्णालयाच्या परदेशी रुग्ण विभागात मी समन्वयक म्हणून काम करते. नैरोबी, मोम्बासा, कंपाला अशा शहरांत स्थायिक झालेले काही ओळखीचे मराठी लोक आपल्या सहकाऱ्याच्या किंवा शेजाऱ्याच्या उपचारांविषयी माझ्याकडे चौकशी करतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा खर्चाचा असतो आणि दुसरा डॉक्टरांविषयी. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा असे मला कळकळीने वाटते. आपल्या गावातील डॉक्टरांचा निरोप घेतल्यापासून पुन्हा त्यांच्यासमोर येऊन बसेपर्यंत या रुग्णाची सगळी माहिती एकत्र ठेवण्याची जबाबदारी कोणाची? विमानतळावर गाडी पाठवणे आणि रुग्णालयाजवळ खोली मिळवून देणे ही कामे कोणीही करू शकतो. खरा समन्वय कशाला म्हणावे, हे केनियातून मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी येणाऱ्या कुटुंबाच्या उदाहरणाने सांगते, कारण त्या प्रवासात एक दुवा निसटला तर त्याची किंमत रुग्णाच्या शरीराला मोजावी लागते.

असा रुग्ण साधारणपणे आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा डायलिसिसवर असतो. म्हणून विमानाचे तिकीट डायलिसिसच्या वारांशी जुळवूनच काढावे लागते. निघण्याच्या आदल्या दिवशी तिकडे एक सत्र आणि उतरल्यावर ठरलेल्या दिवशी इथे पुढचे. इथले डायलिसिस केंद्र मात्र हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांचे ताजे अहवाल पाहिल्याशिवाय यंत्र देत नाही, कारण संसर्ग असलेल्या रुग्णांची व्यवस्था वेगळी ठेवावी लागते. हे अहवाल आधी मागवून घेतले नाहीत, तर दमलेला, अंगावर सूज आलेला माणूस अहवालाची वाट पाहत बसतो. पीतज्वराच्या लसीचेही तसेच आहे. केनियातून येणाऱ्या प्रवाशाकडे या लसीचे प्रमाणपत्र असावे असा भारताचा नियम आहे. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते प्रमाणपत्र ग्राह्य होते आणि ते नसेल तर प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ही लस जिवंत विषाणूंची आहे, त्यामुळे प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू असलेल्यांना ती देत नाहीत. ती रुग्णाला द्यावी का आणि कधी द्यावी, हा निर्णय तिकिटापूर्वी, दोन्हीकडच्या डॉक्टरांच्या संमतीने व्हायला हवा.

व्हिसाच्या बाबतीत घाई फार होते. ई-मेडिकल व्हिसा लवकर मिळतो, पण त्याची मुदत साठ दिवसांची असते, आणि तपासण्या, कायदेशीर मंजुरी, शस्त्रक्रिया व नंतरची देखरेख धरली तर प्रत्यारोपणाचा मुक्काम त्याहून सहज लांबतो. नैरोबीतील भारतीय उच्चायुक्तालयाकडून दीर्घ मुदतीचा वैद्यकीय व्हिसा घेता येत असेल, तर तोच मार्ग बरा. एका रुग्णामागे दोनच सोबत्यांना व्हिसा मिळतो. मूत्रपिंड देणारा नातेवाईक कोणत्या प्रकारच्या व्हिसावर येणार हे आधी विचारून ठरवले नाही, तर रुग्ण आणि दाता एकाच वेळी खाटेवर असताना दोघांची उठबस करायला एकच माणूस उरतो.

यानंतरचा टप्पा कायद्याचा आहे आणि कुटुंबांना सर्वाधिक धास्ती त्याचीच असते. मानवी अवयवांच्या प्रत्यारोपणाविषयीचा १९९४ चा कायदा, त्यात २०११ साली झालेली दुरुस्ती आणि २०१४ चे नियम यांनुसार दाता किंवा रुग्ण परदेशी नागरिक असेल, तर ते जवळचे नातेवाईक असले तरी प्राधिकार समितीची पूर्वपरवानगी लागते. परदेशी रुग्णाला भारतीय दाता चालत नाही. अपवाद फक्त जवळच्या नात्याचा. शिवाय दोघांचे नाते खरे आहे असे त्यांच्या देशाच्या दूतावासाचे प्रमाणपत्र नमुना २१ मध्ये आणावे लागते. समितीसमोर होणाऱ्या मुलाखतीचे चित्रीकरण होते. हे नियम गरिबांच्या अवयवांचा बाजार रोखण्यासाठी आहेत आणि त्यांच्या कडकपणाबद्दल मला मुळीच तक्रार नाही. कागदपत्रांची तयारी मात्र प्रवासापूर्वीच व्हायला हवी. केनियातील अनेक कुटुंबांत एकाच माणसाच्या नावांचा क्रम पासपोर्टवर एक आणि जन्मदाखल्यावर दुसरा असतो, कधी आईचे नाव एका कागदावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे असते. तिथल्या तिथे प्रतिज्ञापत्राने सुटणारी ही तफावत मुंबईत आल्यावर लक्षात आली, तर नैरोबीहून कागद येईपर्यंत मुक्काम, डायलिसिस आणि खर्च तिन्ही वाढतात. म्हणून पासपोर्ट, जन्मदाखले, विवाहाचा दाखला आणि कुटुंबाची जुनी छायाचित्रे यांच्या प्रती मी आधीच मागवते आणि प्रत्येक नाव अक्षरशः बोट ठेवून ताडून पाहते.

दात्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण सगळ्यांचे लक्ष रुग्णाकडे असते आणि धडधाकट माणूस आपले मूत्रपिंड द्यायला आला आहे याची आठवण फक्त तपासणीच्या वेळी होते. दाता हा स्वतंत्र रुग्ण आहे. त्याची फाईल, त्याचे डॉक्टर आणि त्याच्याशी होणारे बोलणे हे सारे वेगळे असायला हवे. त्याला इंग्रजी नीट येत नसेल, तर दुभाषी घरातला असू नये, हे मी आग्रहाने पाळते. ज्या भावाला मूत्रपिंड हवे आहे त्याच्याच पत्नीने नणंदेचे म्हणणे डॉक्टरांना भाषांतर करून सांगावे, यात कोणाचाही वाईट हेतू नसला तरी त्या नणंदेला नकार देण्याची जागाच राहत नाही. दार बंद करून, परक्या दुभाष्यासमोर, सावकाश विचारल्यावर एखादी बहीण सांगते की घरी तिची लहान मुले आहेत आणि तिला भीती वाटते. अशा वेळी डॉक्टर कुटुंबाला एवढेच कळवतात की ही व्यक्ती दाता म्हणून योग्य नाही. ते कारण पुढे कोणी उकरून काढत नाही आणि तिचे माहेर शाबूत राहते. दुभाष्याच्या शुल्कात काटकसर करू पाहणाऱ्यांना मी हे नेहमी समजावून सांगते.

दाता जुळला नाही, समितीने परवानगी नाकारली किंवा तपासणीत हृदयाचा आजार निघाला, तर रुग्णाला प्रत्यारोपणाशिवाय परतावे लागते. या शक्यतेविषयी निघण्यापूर्वीच बोलावे. ते बोलणे कठीण असते, पण परतीच्या तिकिटाची तारीख बदलता येईल का, अनामत रकमेतून किती पैसे आणि किती दिवसांत परत मिळतील, घरी डायलिसिसची जागा राखून ठेवली आहे का, ही उत्तरे त्या वेळी शोधायला कोणाच्याही अंगात त्राण उरलेले नसते. खर्चाच्या अंदाजपत्रकाचेही तसेच. त्यात दात्याच्या तपासण्या धरल्या आहेत का, अतिदक्षता विभागात मुक्काम वाढला तर काय, घरी जाण्यापूर्वीच्या रक्ततपासण्या कोणाच्या खर्चाने, हे लेखी मागावे.

इथेच मध्यस्थाच्या पैशांचा विषय येतो. अनेक मध्यस्थ रुग्णाकडून काहीच घेत नाहीत आणि त्यांना रुग्णालयाकडून बिलाचा ठरावीक हिस्सा मिळतो. असा माणूस प्रामाणिक असू शकतो. त्यांच्यापैकी काहींनी रात्री-अपरात्री रुग्णांसाठी केलेली धावपळ मी पाहिली आहे. तरीही त्याने दाखवलेल्या रुग्णालयांच्या यादीत नसलेले नावही आपण स्वतः तपासावे, आणि ‘तुमचे मानधन कोण देते?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत सरळ विचारावा. रुग्णालयांना मानांकन देणारी एनएबीएच ही संस्था अशा मध्यस्थांचीही नोंद ठेवते. ती नोंद आहे का, हेही पाहावे. माझे वेतनही रुग्णालयच देते, म्हणून हाच प्रश्न कुटुंबांनी मलाही विचारावा अशी माझी अपेक्षा असते.

शस्त्रक्रिया झाली, लघवी सुरू झाली, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन उतरले की घरी जाण्याची ओढ लागते आणि सोबतही तिथेच सैल होते. माझ्या अनुभवात सर्वांत धोक्याचा काळ तो. प्रत्यारोपणाच्या वेळी मूत्रवाहिनीत बहुतेकदा एक बारीक नळी, म्हणजे डीजे स्टेंट, ठेवलेली असते आणि ती काही आठवड्यांनी काढावी लागते. ती इथे काढून जायची की तिकडे, कोणत्या तारखेला आणि कोणाकडून, हे ठरलेले नसेल तर ती आतच राहते, तिच्यावर खडे साचतात आणि नव्या मूत्रपिंडाचीच वाट अडते. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिले जाणारे टॅक्रोलिमस हे औषध बारा बारा तासांनी घ्यायचे असते आणि त्याची रक्तातील पातळी सकाळची मात्रा घेण्यापूर्वी मोजायची असते. केनियाची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, म्हणून परतल्यावर मात्रा कोणत्या वेळी घ्यायची हे कागदावर लिहून देणे आवश्यक आहे. तिथल्या दुकानात दुसऱ्या कंपनीचे टॅक्रोलिमस मिळाले, तर पातळी तपासल्याविना ते बदलू नये. तिकडे क्षयरोग पुष्कळ आढळतो आणि त्यावरील रिफॅम्पिसिन सुरू झाले की टॅक्रोलिमसची पातळी झपाट्याने खाली येते, तर बुरशीवरील फ्लुकोनॅझोलमुळे ती वर चढते. ताप आला म्हणून जवळच्या दवाखान्यात गेलेल्या रुग्णाला या गोष्टी सांगता येतीलच असे नाही.

म्हणून रुग्णाला घरी सोडण्याच्या आधीच्या आठवड्यात इथल्या मूत्रपिंडतज्ज्ञांचे आणि नैरोबीतील तज्ज्ञांचे दूरध्वनीवर प्रत्यक्ष बोलणे व्हावे, असा माझा हट्ट असतो. डिस्चार्ज समरीसोबत एक पानाचे वेगळे पत्र मी डॉक्टरांकडून मागून घेते. त्यात औषधांची मूळ नावे, टाळायची औषधे, स्टेंट काढण्याची तारीख, पुढील तीन महिन्यांच्या रक्ततपासण्यांचे वेळापत्रक आणि रात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टरांचा क्रमांक असतो. त्याची एक प्रत रुग्णाकडे, एक दात्याकडे आणि एक तिकडच्या डॉक्टरांकडे जाते. दात्याच्या पत्रात त्याच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या आणि क्रिएटिनिनच्या तपासणीची तारीख असते. दोघांच्याही नैरोबीतील पहिल्या भेटीची वेळ निश्चित झाल्यानंतरच परतीची तारीख पक्की करावी, असे मी कुटुंबांना सांगते.