मिठाचा कण नाही, तरी मासा टिकतो कसा?

नॉर्वेचा सुका कॉड म्हटलं की प्रश्न ठरलेला: ‘मीठ न लावता तो टिकतो कसा? थंडीमुळेच ना?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. थंडीमुळे खरं, पण ती बेताची असते म्हणून.

हा कॉड जिथं वाळतो ते रोस्त नॉर्वेच्या लोफोतेन द्वीपमालिकेच्या टोकाला आहे. वस्ती जेमतेम पाचशेच्या घरात, तरी 1928 पासून स्वतंत्र नगरपालिका. आपल्याकडे ग्रामपंचायतीवर भागलं असतं. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला असूनही उबदार सागरी प्रवाहामुळे हिवाळ्यात इथला पारा शून्याच्या आसपास रेंगाळतो. मुख्य बेट सपाट, म्हणून वाऱ्याला अडवणारं काही नाही.

जानेवारी ते एप्रिल बारेंट्स समुद्रातला कॉड लोफोतेनकडे अंडी घालायला येतो. त्याचं डोकं उडवायचं, पोट साफ करायचं, रक्त धुऊन काढायचं आणि सारख्या मापाचे दोन मासे शेपटीशी बांधून लाकडी मांडवावर टांगायचे. आपले बोंबील जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर, म्हणजे वाळवणाच्या मांडवावर घालतात, तसंच. फरक वेळेचा: बोंबील कडक उन्हात दोन-चार दिवसांत वाळतो, कॉडला तीनेक महिने लागतात.

बिघडायला कारणं पुष्कळ. कडाक्याची थंडी पडली की मांसातल्या पाण्याचा बर्फ होऊन तंतू फुटतात, मासा भुसभुशीत होतो. ऊब लवकर आली तर माशा बसतात, अळ्या पडतात. पावसाची झड लागली तर बुरशी. दोन मासे एकमेकांना चिकटले तर नेमकी तीच जागा कुजते. जूनमध्ये माल उतरवून हवेशीर कोठारात मुरवतात. पाच किलोचा एक किलो उरतो. मग पारखी प्रत्येक मासा बघून, दाबून, हुंगून वीसेक प्रतींत लावतो. यंत्राला अजून हे नाक आलेलं नाही!

उत्तम माल इटलीला जातो. 1432 साली व्हेनिसचा व्यापारी पिएत्रो क्वेरिनी जहाज गमावून मोजक्या साथीदारांसह इथं येऊन लागला आणि उन्हाळ्याच्या तोंडावर सुका कॉड घेऊन परतला, ही गोष्ट रोस्तला पाठ आहे. वाळवलेली डोकी नायजेरियात रश्श्यासाठी जातात. जिभा कापायचं काम मुलांचं, कमाईही त्यांचीच.

कधी हाती लागलाच, तर तुकडे करून आठवडाभर फ्रिजमध्ये पाण्यात भिजवा आणि पाणी रोज बदला. बाहेर ठेवलात तर आंबेल.