तुम्ही विचारलंत म्हणून: छाती लहान करून घेण्याच्या ऑपरेशनबद्दल

पहिला प्रश्न बाजूला घेऊन, हळू आवाजात येतो. "त्याच्यात काय काय करतात जी?" दुसरा चारचौघांत, मोठ्यानं. "पण खरंच गरज होती का?" स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर नागपुरात बर्डीवर बस धरताना. दुसऱ्याचं उत्तर मी आजवर एका शब्दात देत आले: पाठ. पाठ दुखायची. त्यावर पुढे कोणी बोलत नाही. पाठदुखीला आपल्याकडे मान आहे.

पहिल्याचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे.

ऑपरेशनआधी उभं करून छातीवर मार्करनं रेघा मारतात. आडवं झालं की सगळं बाजूला सरकतं, मापं चुकतात. फोटोही काढतात. मग पूर्ण भूल, आणि दोन ते चार तासांचं काम. चरबी, ग्रंथी आणि जास्तीची कातडी काढतात. निपल बहुतेक वेळा सुटं करत नाहीत, रक्तपुरवठा करणाऱ्या मांसाच्या पट्ट्यासकट वर सरकवतात. छाती फारच मोठी असेल तर मात्र ते काढून नव्या जागी लावावं लागतं, आणि मग तिथली संवेदना जाते. काढलेला भाग तपासणीला लॅबमध्ये जातो. चाळिशीच्या पुढच्या बाईला आधी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, सांगतात, ती टाळू नका.

व्रण राहतात. निपलभोवती गोल, तिथून खाली सरळ, आणि छातीखालच्या घडीत आडवा, जहाजाच्या नांगरासारखा. काहींना आडवा छेद लागत नाही, मला लागला. वर्षभर लालसर असतात, मग फिके होतात. पुसले जात नाहीत. अमुक मापाची ब्रा बसेल अशी हमी कोणताही प्रामाणिक सर्जन देत नाही, आणि सूज उतरून खरा आकार कळायला काही महिने जातात. सहा आठवडे रात्रंदिवस घट्ट ब्रा, उताणं झोपणं, बादली उचलायची नाही, वरच्या फळीवरचा डबा काढायचा नाही. हे शेवटचं घरात कोणाला पटत नाही. बाई चालती-फिरती दिसली की ती बरी झाली असं सगळे धरून चालतात.

अजून एक, नागपूरकर म्हणून. सर्जन विचारतात, सिगारेट ओढता का? आपण खुशाल नाही म्हणतो. खर्ऱ्याचं, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीचं, कोणी सांगत नाही. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, तंबाखू ओढलेली असो की चघळलेली. मग जखम भरत नाही, निपल काळं पडून जाऊही शकतं. काही आठवडे आधीपासून बंद करावं लागतं. गपचूप खाणाऱ्या बायका मला माहीत आहेत, म्हणून लिहिलं.

आता गरजेचं.

विमा कंपनीनं पैसे नाकारले. रूप बदलण्यासाठी केलेली सर्जरी पॉलिसीत बसत नाही. अपवाद आहेत: अपघात, भाजणं, कॅन्सर, किंवा तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं तर. माझा धोका थेट होता, तातडीचा नव्हता म्हणे. मी पानभर पत्र लिहिलं. मान, खांद्यांवरच्या पट्ट्यांच्या खाचा, मार्च लागला की छातीखाली लालभडक होणारी, सोलवटणारी कातडी. सगळं खरं होतं. लिहिताना मला कोर्टात उभं केल्यासारखं वाटत होतं, आणि एक वाक्य मी मुद्दाम लिहिलं नाही.

ऑपरेशन उन्हाळ्यात केलं, कारण शिक्षिकेला सुट्टी उन्हाळ्यातच मिळते. डॉक्टर थंडीत करा म्हणाले होते. थंडीत दहावीची तयारी कोण घेणार होतं? मे महिना, बाहेर पंचेचाळीस, कूलरची दमट हवा. टाके विरघळायच्या सुमाराला एका रात्री ब्रा ओली लागली. दिवा लावून पाहिलं तर उजवीकडे, सरळ आणि आडवी रेघ जिथे मिळतात तिथे, जखम उकलली होती. बोटाचं टोक जाईल एवढी. आत पिवळट. मी खाली बसले. सर्जनना फोटो पाठवला, तर त्यांचा फोन आला, आवाज अगदी थंड. याच जागी सगळ्यात जास्त ताण असतो, रक्त सगळ्यात कमी पोचतं, त्यामुळे इथे उकलणं नेहमीचं. पुन्हा शिवायची गरज नाही, खालून भरत येईल. ताप आला, लाली पसरली किंवा पू आला तर लगेच या. हे सगळं त्यांनी ऑपरेशनआधीही सांगितलं होतं, सहीच्या कागदावर छापलेलंही होतं. छापलेलं वाचणं आणि रात्री दोन वाजता आपल्याच अंगात भोक बघणं, यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

ड्रेसिंग आई करायची. नर्सकडून शिकून घेतलं तिनं. सलाइननं धुवायचं, गॉज ठेवायचं, पट्टी. एक दिवस माझ्याकडे न बघता म्हणाली, "माह्याबी खांद्याले खाचा हायेत. म्या काय कापून घेतलं का?"

मी म्हटलं, पाठ दुखायची आई.

"पाठ त मलेबी दुखते."

आणि चिकटपट्टी कापून लावली, नीट, एकही सुरकुती न पडू देता. मला राग आला. जखम बघवत नव्हती म्हणून बोलली असेल, असं नंतर स्वतःला सांगितलं. पण तिचा मुद्दा खोडता आला नाही. पाठ एवढंच कारण असतं तर तिनं सोसलं तसं मीही सोसलं असतं.

विम्याच्या पत्रात न लिहिलेलं वाक्य हे: तेराव्या वर्षापासून मी वाकून चालत होते. अंबाझरी तलावावर फिरायला जाताना भर मे महिन्यात दोन्ही खांद्यांना पिना लावलेली ओढणी. फळ्यावर लिहून वर्गाकडे वळताना रोज एक क्षण.

कॉलेजातली मी हे ऐकून भांडली असती. बघणाऱ्यांची नजर वाईट आणि सुरी तुझ्या अंगावर? मी तिला म्हणते, तू होस्टेलच्या सावलीत बसून बोलतेस, तुला अजून वीस वर्षं ती ओढणी घ्यायची आहे. ती म्हणते, म्हणजे हरलीस. मी म्हणते, खांदे दुखायचे थांबले. ती म्हणते, मग पाठ? पाठ अजून दुखते, पेपर तपासायला बसले की. कमी, पण दुखते. डावीकडे निपलला अजून धड काही जाणवत नाही, आणि आता जाणवेल असं वाटत नाही. पुन्हा करशील का विचारलंत तर करीन. गरज होती का विचारलंत तर मला अजूनही पाठच पुढे करावीशी वाटते.

आणि ज्यांनी भाचीसाठी विचारलं त्यांना: बाळंतपणानंतर दूध येईलच असं नाही. काहींना पुरेसं येतं, काहींना कमी, काहींना येत नाही. वजनही आधी स्थिर हवं. लग्न जमायला अडचण येईल का, हे मला विचारू नका. ती चोवीस वर्षांची आहे. फोन तिनं स्वतः करावा, शाळा सुटल्यावर, पाचनंतर.