मावशीचे घरभाडे आणि चौथा आठवडा

माझी मावशी इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात एकटी राहते. निवृत्तीचे वय उलटून गेल्यामुळे तिला तेथील कौन्सिलकडून, म्हणजे स्थानिक नगरपालिकेकडून, भाड्यासाठी हाउसिंग बेनिफिट आणि कौन्सिल टॅक्समध्ये (आपल्या घरपट्टीसारखा कर) सवलत मिळते. मामांचे दुखणे बळावले म्हणून ती २४ दिवसांनंतरचे परतीचे तिकीट काढून ठाण्याला आली. अठराव्या दिवशी मामा गेले. तेरावा होऊन मामी जरा सावरेपर्यंत तिचा पाय निघणे शक्यच नव्हते आणि ती परतली तेव्हा ४० दिवस झाले होते. निघताना तिने कौन्सिलला कळवले होते. मुक्काम वाढल्याचे कळवायला मात्र आठवडाभर उशीर झाला. मध्यंतरी तिच्या शेजारणीने व्हॉट्सॲपवर पत्राचा फोटो पाठवला: दोन्ही सवलती ‘सस्पेंडेड’.

नौपाड्यातल्या आमच्या घरी ते पत्र तीनदा वाचल्यावर लक्षात आले की ही स्थगिती होती, सवलत रद्द झालेली नव्हती. हा फरक फार मोलाचा आहे. नुसत्या स्थगितीविरुद्ध अपील करता येत नाही; मागितलेली माहिती महिनाभरात द्यावी लागते, आणि ती दिली नाही तर बेनिफिट कायमचे बंद होऊ शकते. म्हणून तक्रारीचा सूर बाजूला ठेवून आम्ही आधी पुरावे गोळा करायला घेतले.

२८ जुलै २०१६ पासून बेनिफिट चालू ठेवून ग्रेट ब्रिटनबाहेर राहण्याची मुदत साधारणपणे ४ आठवडे आहे. परंतु जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू झाला आणि त्या मुदतीत परतण्याची अपेक्षा धरणे रास्त नसेल, तर ती आणखी ४ आठवडे वाढू शकते. भाऊ जवळच्या नातेवाइकांत मोडतो, पण तो भाऊच आहे हे कागदावर दाखवायचे कसे? मामांच्या मृत्यूच्या दाखल्यावर माहेरचे आडनाव, मावशीच्या पासपोर्टवर सासरचे. शेवटी मामींच्या लोखंडी ट्रंकेतून घड्यांवर विरलेला, वडिलांचे नाव असलेला मावशीचा शाळा सोडल्याचा दाखला निघाला. त्याला मामांचा तसाच दाखला आणि मावशीचा विवाह नोंदणी दाखला जोडला, मराठी मजकुराचे इंग्रजी भाषांतर करून घेतले आणि मूळ परतीचे तिकीटही पाठवले, कारण चार आठवड्यांच्या आत परतण्याचा तिचा इरादा त्यावरूनच सिद्ध होत होता.

तरीही चौथ्या आठवड्यानंतरचे बेनिफिट बंद केल्याचा निर्णय आला. वाढीव मुदतीचा त्यात उल्लेखही नव्हता, याचा मला मनस्वी राग आला. आता मात्र हा रीतसर निर्णय होता, म्हणून एका महिन्याच्या आत फेरविचाराची मागणी केली आणि तो नाकारल्यास न्यायाधिकरणाकडे जाऊ असे स्पष्ट लिहिले. कौन्सिलने निर्णय बदलला आणि थकलेले पैसे जमा केले. तोवर घरमालकाला मावशीने सारे लेखी कळवून ठेवले होते.

कौन्सिल टॅक्सची वाट वेगळी आहे. तेथे आधी कौन्सिललाच लेखी हरकत कळवावी लागते, आणि दोन महिन्यांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर व्हॅल्युएशन ट्रिब्युनलकडे, म्हणजे कौन्सिल टॅक्सचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अपील करता येते. आमच्या हरकतीला सात आठवडे झाले आहेत. उत्तर आलेले नाही. अपिलाचा मसुदा तयार आहे.